मुलांना घेऊन एडिंबरा: वर बसने जायचं, खाली चालत यायचं

स्कॉटलंडची राजधानी एडिंबरा नकाशावर लहान दिसतं. किल्ला, जुनी बाजारपेठ, राजवाडा, संग्रहालय, सगळं हाताच्या अंतरावर. नकाशात फक्त चढ दिसत नाही. माझी धाकटी बहीण पहिल्यांदा मुलांना घेऊन आली, तेव्हा वेव्हर्ली स्टेशनवरून किल्ल्यापर्यंत ‘जवळच तर आहे’ म्हणून मी सगळ्यांना चालत नेलं. दोन इमारतींमधल्या बोळातून वर जाणाऱ्या दगडी पायऱ्या, हातात बाबागाडी, समोरून वारा. पाच वर्षांचा भाचा अर्ध्यावर पायरीवर बसला आणि उठेना. त्याचं काही चुकलं नव्हतं. त्या दिवसापासून येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला मी आधी या गावाचा उतार समजावून सांगते, मग बाकीचं.

हा उतार कसा तयार झाला, ते मुलांनाही सांगा, फार आवडतं. किल्ला ज्या खडकावर आहे तो म्हणजे सुमारे 35 कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या नळीत गोठलेला लाव्हा. हिमयुगात पश्चिमेकडून सरकत आलेला बर्फ या टणक खडकावर आपटला आणि दोन्ही बाजूंनी वळून गेला. खडकाच्या आडोशाला पूर्वेकडची मऊ जमीन वाचली. खडक हे डोकं आणि मागे उतरत गेलेली ती लांब शेपटी. त्या शेपटीच्या कण्यावरून जाणारा रस्ता म्हणजे ‘रॉयल माइल’. सह्याद्रीतल्या गडांवर फिरलेल्या मुलांना काळा कातळ ओळखीचा वाटतो. आपला बेसॉल्ट साधारण साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे या खडकापुढे बराच तरुण.

तेव्हा पहिला नियम: चढ बसने किंवा टॅक्सीने, उतार पायी. आणि दुसरा: दिवसाला तिकिटाची एकच जागा, तीही जेवणाच्या आधी. दुपारनंतर मोकळं गवत, खडक किंवा पाणी.

निघण्याआधी

भारतातल्या शाळांना सुट्टी असते तेव्हा, म्हणजे मे आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यात, इथे यायला सगळ्यांत चांगले दिवस असतात. स्कॉटलंडमधल्या शाळा जूनच्या अखेरीपर्यंत चालू असतात, त्यामुळे गर्दी बेताची. जूनमध्ये सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो आणि पहाटे साडेचारच्या आसपास उगवतो. मुलं ‘अजून उजेड आहे’ म्हणून झोपायला तयार होत नाहीत, म्हणून घर ठरवताना जाड पडदे आहेत का, ते विचारून घ्या. ऑगस्टमध्ये 1947 पासून चालत आलेले कलामहोत्सव असतात. रस्त्यावर जादूगार, कसरतपटू, सगळीकडे उत्साह. पण राहण्याचे दर खूप चढतात आणि रॉयल माइलवर लहान मुलाचा हात क्षणभरही सोडता येत नाही. दहा वर्षांच्या पुढची मुलं असतील तर ऑगस्ट जरूर बघा. त्याहून लहान असतील तर मी नको म्हणेन. डिसेंबरमध्ये पावणेचारलाच सूर्य मावळतो.

व्हिसा ब्रिटनचा लागतो. युरोपातल्या देशांसाठीचा शेंगेन व्हिसा इथे चालत नाही. तान्ह्या बाळाचाही अर्ज वेगळा भरावा लागतो, आणि मूल एकाच पालकासोबत येत असेल तर दुसऱ्या पालकाचं संमतिपत्र सोबत ठेवा.

लंडनहून येणार असाल तर विमानापेक्षा रेल्वे निवडा. किंग्ज क्रॉसवरून साधारण साडेचार तासांत थेट वेव्हर्लीला पोचता. येताना उजव्या बाजूच्या खिडकीजवळची जागा मागा. न्यूकॅसलच्या पुढे बऱ्याच ठिकाणी समुद्र अगदी रुळांजवळ येतो. तिकिटं जितकी आधी काढाल तितकी स्वस्त. विमानाने उतरलात तर विमानतळाच्या दारातूनच ट्रॅम मिळते. ती शहराच्या मध्यातून 2023 पासून थेट लीथ आणि न्यूहेवनच्या किनाऱ्यापर्यंत जाते. ट्रॅमचं तिकीट चढण्याआधी, फलाटावरच घ्यायचं असतं.

राहण्याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण इथेच बहुतेकांची गफलत होते. जुन्या गावातल्या दगडी इमारती फोटोत सुंदर दिसतात, पण त्यांतल्या कित्येकांना लिफ्ट नसते. गोल फिरत जाणारा अरुंद दगडी जिना, आणि ब्रिटनमध्येही तळमजला मोजणीत धरत नाहीत, म्हणजे ‘तिसरा मजला’ ही खरं तर चौथी पातळी. झोपलेलं मूल, बाबागाडी आणि बॅगा घेऊन तो जिना रोज दोनदा करून पाहा, मग माझं म्हणणं पटेल. ट्रॅमच्या मार्गावरचं घर बघा: हेमार्केटच्या बाजूला किंवा लीथ वॉकवर. लीथ वॉकच्या परिसरात आशियाई किराणा मालाची दुकानं आहेत. डाळ, तांदूळ, दही हाताशी असलं की संध्याकाळी वरणभात होतो आणि दिवसभर नवं खाऊन कंटाळलेली मुलं शांत होतात.

कपड्यांचं गणित सोपं आहे. उन्हाळ्यातही दुपारचं तापमान बहुतेक दिवस 15 ते 19 अंश, आणि एका दिवसात ऊन, पाऊस, वारा तिन्ही. एक जाड जॅकेट आणण्यापेक्षा पातळ कपड्यांचे थर आणि वरून टोपीचं, पाणी न शिरणारं वाऱ्याचं जाकीट घ्या. छत्री घरीच ठेवा, इथल्या वाऱ्यात ती उलटी होते. बुटांचे तळवे खरखरीत हवेत. ओल्या फरसबंदीवर गुळगुळीत तळवा घसरतो. कधी कधी समुद्रावरून पांढरं धुकं आत येतं, त्याला इथे ‘हार’ म्हणतात. सकाळी खिडकीतून काहीच दिसलं नाही तरी दिवस रद्द करू नका. हार बऱ्याचदा दुपारपर्यंत विरतो. तोवर घरातल्या किंवा छताखालच्या गोष्टी करा.

पहिला दिवस: किल्ला आणि शेपटीवरून खाली

किल्ल्याचं तिकीट वेळेसकट आधीच ऑनलाइन काढा. दारावर ते महाग पडतं आणि उन्हाळ्यात संपूनही जातं. सकाळी साडेनऊची, दार उघडतानाची वेळ घ्या. प्रिन्सेस स्ट्रीटवरून ‘द माउंड’चा चढ चढून जॉर्ज फोर्थ ब्रिजकडे जाणारी बस पकडा आणि रॉयल माइलच्या जवळ उतरा. तिथून किल्ल्याचं दार पाच-सात मिनिटांवर. बसमध्ये कार्ड टेकवून पैसे देता येतात. रोख दिलीत तर सुटे परत मिळत नाहीत. पाच वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. आणि दुमजली बसमध्ये वरच्या मजल्यावरची सगळ्यांत पुढची जागा मिळाली तर मुलांसाठी तीच अर्धी सहल.

आत शिरल्यावर डावीकडे सत्तर पायऱ्यांचा उभा जिना दिसेल. तो सोडून द्या आणि वळसा घेत जाणाऱ्या फरसबंदी रस्त्याने वर जा. सगळ्या दालनांत जायचा हट्ट धरू नका. मुलांबरोबर मी चार-पाच गोष्टी दाखवते.

पहिला मुकुट. स्कॉटलंडचा मुकुट, राजदंड आणि तलवार इंग्लंडच्या क्रॉमवेलच्या सैन्यापासून वाचवण्यासाठी दूरच्या किनेफ गावच्या चर्चमध्ये जमिनीखाली पुरली होती. पुढे 1707 नंतर तीच रत्नं याच किल्ल्यात एका पेटीत बंद झाली आणि लोकांच्या विस्मरणात गेली. 1818 मध्ये लेखक वॉल्टर स्कॉट यांच्या पुढाकाराने ती पेटी उघडली. ही गोष्ट रांगेत उभं असतानाच सांगायची, म्हणजे रांगही सरते. रत्नांची रांग दहानंतर वाढते, म्हणून आत शिरताच आधी तिकडे. राज्याभिषेकाची शिळा मात्र 2024 पासून पर्थच्या संग्रहालयात आहे, ती इथे शोधू नका.

त्याच चौकात एक अगदी लहान खोली आहे, जिथे 1566 मध्ये राणी मेरीने मुलाला जन्म दिला. तो मुलगा पुढे इंग्लंड आणि स्कॉटलंड दोन्हींचा राजा झाला. मेरी स्वतः अवघ्या सहा दिवसांची असताना राणी झाली होती. ‘सहा दिवसांची? मग सही कोण करायचं?’ हा भाचीचा प्रश्न मला आजही आठवतो.

मग मॉन्स मेग. 1449 मध्ये घडवलेली ही तोफ दीडशे किलोचा दगडी गोळा सुमारे 3 किलोमीटर फेकायची. तिच्या शेजारचं सेंट मार्गारेटचं देऊळवजा प्रार्थनाघर साधारण 1130 मधलं, शहरातली सगळ्यांत जुनी वास्तू, आणि इतकं छोटं की मुलांना ते आपल्या मापाचं वाटतं. बाहेरच्या तटावरून खाली वाकून पाहिलंत तर सैनिकांच्या कुत्र्यांची चिमुकली दफनभूमी दिसते. तळघरातल्या युद्धकैद्यांच्या कोठड्यांत टांगलेल्या झोळ्या पुन्हा उभ्या केल्या आहेत. इथे ठेवलेल्या कैद्यांत ट्रफाल्गरच्या लढाईत पकडलेला पाच वर्षांचा ढोलवादक मुलगाही होता. माझा भाचा तेव्हा नेमका पाच वर्षांचा. तो बराच वेळ माझा हात घट्ट धरून उभा होता.

आणि आपल्या मुलांना हमखास सांगावी अशी एक गोष्ट: 1314 च्या मार्चमध्ये थॉमस रँडॉल्फ या स्कॉटिश सरदाराने सुमारे तीस माणसं घेऊन रात्री हा खडक चढून इंग्रजांकडून किल्ला घेतला. कड्याची वाट माहीत असलेला विल्यम फ्रान्सिस पुढे होता. उत्तरेच्या तटावर उभं राहून खाली बघायचं आणि हे सांगायचं. कोंढाण्याची गोष्ट पाठ असलेली मुलं लगेच विचारतात, ‘दोर होते का?’ होती शिडी, दोराची.

दुपारी एकच्या तोफेसाठी थांबायचं असेल तर पाऊण वाजण्याच्या आधी किल्ल्यातल्या मिल्स माउंटवर जागा धरा. 1861 पासून ही तोफ रविवार, गुड फ्रायडे आणि नाताळ वगळता रोज उडते. त्याआधी बंदरातल्या जहाजांना वेळ कळावी म्हणून कॅल्टन टेकडीवरच्या मनोऱ्यावरून एक वाजता मोठा गोळा खाली पडायचा. पण धुक्यात गोळा दिसणार कसा? म्हणून आवाज. तीन-चार वर्षांच्या मुलांना तो फार मोठा वाटतो. त्यांना खालच्या प्रिन्सेस स्ट्रीट बागेतून ऐकवा, किंवा कानांवर हात ठेवा, आणि आधी सांगून ठेवा.

इथून पुढे सगळा उतार. किल्ल्यातून बाहेर पडताच डावीकडे कॅमेरा ऑब्स्क्युरा आहे: वरच्या अंधाऱ्या खोलीत पांढऱ्या गोल टेबलावर शहराचं जिवंत चित्र पडतं आणि मुलं कागदाच्या तुकड्यावर चालता माणूस ‘उचलून’ घेतात. खालच्या मजल्यांवर आरशांचे आणि दृष्टिभ्रमाचे खेळ. उजेड असेल तेव्हाच वरचं चित्र स्पष्ट दिसतं. हे वेगळं तिकीट आहे, म्हणून किल्ल्याच्याच दिवशी कोंबू नका. दुसऱ्या दिवशीसाठी ठेवा. या इमारतीशी आपलं एक नातं आहे. 1892 पासून ती नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांच्याकडे होती, शहर समजून घेण्याची शाळा म्हणून त्यांनी ती चालवली. हेच गेडिस 1919 मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले, आणि नावाजलेले समाजशास्त्रज्ञ गोविंद सदाशिव घुर्ये त्यांचे विद्यार्थी.

खाली येताना प्रत्येक बोळात डोकावू द्या. इथे बोळाला ‘क्लोज’ म्हणतात. सेंट जाइल्स चर्चच्या बाहेर फरसबंदीत दगडांचं हृदय आहे. जुन्या तुरुंगाची ती खूण. त्यावर थुंकायची इथली जुनी रीत आहे, तेव्हा मुलांना त्यावर बसू देऊ नका. चर्चमध्ये थिसल चॅपलच्या लाकडी कोरीवकामात बॅगपाइप वाजवणारा देवदूत आहे. तो शोधायला लावा, दहा मिनिटं कुणी दमल्याचं बोलत नाही. आणखी खाली, हाय स्ट्रीटवर ‘म्युझियम ऑफ चाइल्डहुड’: 1955 मध्ये सुरू झालेलं, बालपणाच्या इतिहासाला वाहिलेलं जगातलं पहिलं संग्रहालय. प्रवेश विनामूल्य. इथवर आलात की पहिला दिवस पुरे झाला. राजवाड्यापर्यंत जायची सक्ती नाही.

याच रस्त्याखाली मेरी किंग्ज क्लोज हा गाडला गेलेला जुना बोळ मार्गदर्शकासोबत बघता येतो. पाच वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही, आणि आत अंधार आहे. आठ वर्षांच्या पुढे मस्त.

दुसरा दिवस: पावसाचा

म्हणजे पाऊस ज्या दिवशी येईल तो. चेंबर्स स्ट्रीटवरचं राष्ट्रीय संग्रहालय सकाळी दहाला उघडतं, विनामूल्य आहे, बाबागाडीसाठी लिफ्ट आहेत. डॉली मेंढी इथेच आहे: 1996 मध्ये एडिंबराजवळच्या रॉझलिन संस्थेत जन्मलेली, प्रौढ प्राण्याच्या पेशीपासून तयार झालेला पहिला सस्तन प्राणी. ल्युइस बेटावर 1831 मध्ये सापडलेल्या बाराव्या शतकातल्या बुद्धिबळाच्या सोंगट्यांपैकी 11 इथे आहेत, वॉलरसच्या दातांतून कोरलेल्या. गालाला हात लावून काळजीत बसलेली राणी बघून भाची म्हणाली, ‘ही हरतेय.’ दोन तासांच्या वर थांबू नका. विनामूल्य असल्याने उद्या पुन्हा येता येतं, आणि हेच याचं खरं सुख. ऊन पडलं तर लिफ्टने गच्चीवर जा. समोर किल्ला, आणि चढ एकही नाही.

बाहेर पडलं की रस्त्यापलीकडे ग्रेफ्रायर्स बॉबीचा पुतळा. मालक जॉन ग्रे 1858 मध्ये गेल्यानंतर हा छोटा कुत्रा 14 वर्षं त्यांच्या थडग्याजवळ राहिला, अशी इथली आठवण. पर्यटक त्याचं नाक चोळतात आणि त्यामुळे धातू झिजतो. मुलांना नाकाला हात न लावता जवळ उभं करून फोटो काढा.

तिसरा दिवस: आर्थर्स सीट, पण बेताने

251 मीटरची टेकडी, सिंहगड चढलेल्या मुलाला अवघड नाही. अडचण वाऱ्याची आणि माथ्यावरच्या गुळगुळीत झालेल्या खडकांची. लहान मुलं असतील तर पूर्वेकडून, डन्सापी तळ्यापर्यंत टॅक्सीने जा आणि तिथून गवताच्या उतारावरून चढा. मोठ्यांना अर्धा तास, मुलांसोबत पाऊण-एक तास. रविवारी टेकडीभोवतीच्या बागेतला हा रस्ता वाहनांसाठी बंद असतो, म्हणून दुसरा वार निवडा. माथ्यावर मुलाचा हात धरा, कड्याच्या टोकावर फोटो नको. खूप वारा असेल तर वर जाऊच नका. खाली सेंट मार्गारेट तळ्यातले हंस आणि मागे सेंट अँथनीच्या प्रार्थनाघराचे अवशेष, एवढ्यावरही लहानग्यांची सकाळ भरते. पायथ्याशी डायनॅमिक अर्थ हे पृथ्वीच्या जन्मापासूनची गोष्ट सांगणारं केंद्र आहे. पाऊस आला की तिथे शिरा.

चौथा दिवस: गावाबाहेर, मुलांना निवडू द्या

रेल्वेवेडं मूल असेल तर वेव्हर्लीवरून नॉर्थ क्वीन्सफेरीचं तिकीट काढा. अर्ध्या तासाच्या आत तुम्ही 1890 च्या लाल पोलादी फोर्थ पुलावरून, समुद्राच्या खाडीवर असता. उतरून धक्क्यावर चालत जा: तीन शतकांतले तीन पूल शेजारी दिसतात, 1890, 1964 आणि 2017 चे. पुलाखालीच मत्स्यालय आहे.

प्राणी आवडत असतील तर एडिंबरा प्राणिसंग्रहालय. तेही टेकडीवर आहे, म्हणून आधी माथ्यावर जा आणि उतरत बघा. इथला ‘किंग’ जातीचा एक पेंग्विन, सर निल्स ओलाव, नॉर्वेच्या राजरक्षक दलाचा मानद मेजर जनरल आहे. पांडा मात्र 2023 च्या डिसेंबरमध्ये चीनला परत गेले. लीथला उभं असलेलं ब्रिटानिया हे जुनं राजेशाही जहाज ट्रॅमच्या ओशन टर्मिनल थांब्याजवळ आहे. आणि नुसती वाळू हवी असेल तर पोर्टोबेलोचा किनारा. पाणी थंडगार, पण बादली-फावडं घेऊन तासन्‌तास जातात.

खाणं, आणि काही बिघडलं तर

नळाचं पाणी निर्धास्त प्या, बाटल्या भरून घ्या. दुपारी सूप आणि पाव, चीज घातलेला भाजलेला बटाटा, मॅकरोनी चीज हे बहुतेक ठिकाणी मिळतं. हॅगिस मेंढीच्या मांसाचा असतो, पण डाळी आणि ओट्सचा शाकाहारी हॅगिसही सगळीकडे मिळतो आणि थोडा तिखट असल्याने आपल्या मुलांना चालतो. गोमांस टाळत असाल तर ‘मिन्स’ आणि ‘स्टेक पाय’ टाळा. रंगीत चिवट गोळ्यांत जिलेटिन असतं, पाकीट वाचा. शॉर्टब्रेड नानकटाईच्या कुळातला. ‘टॅब्लेट’ नावाची दुधा-लोण्याची दाणेदार वडी बर्फीची आठवण करून देते. ती फार गोड आहे, चौघांत एक पुरे.

संध्याकाळी जेवायला बाहेर जाणार असाल तर साडेपाचच्या सुमारास जा, आणि पबमध्ये मुलं किती वाजेपर्यंत चालतात ते आधी विचारा.

ताप, खोकला, पोटदुखी यासाठी आधी औषधाच्या दुकानातल्या फार्मासिस्टला विचारा, सल्ला नीट देतात. तातडी नसलेल्या वैद्यकीय चौकशीसाठी 111, जिवावरचं असेल तर 999. प्रवासविमा मुलांच्या नावासकट काढलेला असू द्या. तुमचा फोन नंबर कागदावर लिहून मुलाच्या खिशात ठेवा, आणि हरवलं तर कुठेही न जाता जवळच्या दुकानात शिरून काउंटरवर सांगायचं, हे घरातून निघतानाच ठरवा.

शेवटच्या संध्याकाळी जेवण आटपून कॅल्टन टेकडीवर जा. वॉटर्लू प्लेसवरून पायऱ्यांनी दहा मिनिटं, एवढा एक चढ मी पायी करायला लावते. वर 1826 मध्ये सुरू होऊन पैशांअभावी 1829 मध्ये थांबलेलं, बारा खांबांचं अपुरं स्मारक आहे. त्या उंच पायथ्यावर मुलं चढतात, उतरतात, पुन्हा चढतात. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला किल्ला. पहिल्या दिवशी पायरीवर बसून राहिलेला भाचा तिथून बोट दाखवत सांगत होता: ते डोकं, ती शेपटी, आणि आपण उतरलो तो रस्ता. अंधार पडायच्या आत खाली या. जूनमध्ये त्याला बराच अवकाश असतो.